जयाची साक्ष

जेल, नगर
५ नोव्हेंबर २०२५

जये,

आशीर्वाद घे. ते काही जेलच्या भिंतीला अडत नाहीत. तुझा मोबाईल लागत नाही. तुझे मालक, रामहरी पाव्हणे म्हणाले, बादलीत पडला. म्हणून हे पत्र. दहावीनंतर हातात पेन धरलं ते मजुरांची हजेरी लावायला, तेव्हा अक्षराला हसू नकोस. इथे पत्र आधी साहेब वाचतात, मग पेटीत पडतं. वाचू देत. मी काही दरोडा घातलेला नाही.

मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगतो. भाऊबीज होऊन आठ दिवस झालेले. ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर निघायचं होतं, म्हटलं उसात उतरण्याआधी बहिणीला बघून जाऊ. हातात साडीची पिशवी. आणि तू त्या लाईट द्यायच्या मशीनच्या खोलीतून बाहेर आलीस. अंगात हॉस्पिटलचा तो मागून नाड्या बांधायचा झगा, नाड्या सुटलेल्या. काखेपासून कमरेपर्यंत पाठ काळीनिळी. मी विचारलं, "जये, ह्ये काय गं?" तू खाली बघून म्हणालीस, "लाईटनं भाजलं, दादा."

पुढचं तू पाहिलंस. सलाईनचा लोखंडी स्टँड हाताला लागला. तो हर्षल, मशीन चालवणारा, दार उघडून बाहेर आला आणि हात वर करून काहीतरी बोलायला लागला. मी ऐकून घेतलं नाही. पहिला दणका तोंडावर. दुसरा तो खाली बसत असताना डोळ्यावर. तिसऱ्याला स्टँडचं चाक निखळून पडलं. मग काच फोडली, कॉम्प्युटर फोडला. फरशीवर त्याच्या रक्तावरून माझाच पाय घसरला, नाहीतर चार वॉचमनांना मी आवरलो नसतो. तीस कोयत्यांचा मुकादम आहे मी.

आता कामाचं. वकील वैजनाथराव म्हणतात, हॉस्पिटलवरच्या हल्ल्याचा कायदा कडक आहे, जामीन सहज मिळत नाही. पण पेशंटनेच लिहून दिलं की मशीनवाल्याच्या हयगयीमुळे मी भाजले, तर केस निम्मी होते. तू तेवढं लिहून दे. दोन ओळींचं काम आहे. तुझ्यासाठीच आत बसलोय, हे विसरू नकोस.

खात जा. पथ्याच्या नावाखाली उपाशी राहू नकोस.

तुझा दादा,
कल्याण


धर्मशाळा, हॉस्पिटलच्या मागे, नगर
१३ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. वाकून केलेला नाही, वाकलं की बरगडीत चमक निघते.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखंच आहे. तू मोठा मर्द गडी, आता तुझ्या मर्दुमकीचं पुढचं ऐक. हर्षलचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दात तारेने बांधून टाकलेत, नळीने दूध पितो. डाव्या डोळ्याने दिसत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर येईल किंवा येणार नाही. सव्वीस वर्षांचा पोरगा आहे. त्याची आई चार दिवस जिन्यात बसून होती, मी तिच्यासमोरून डोक्यावर पदर ओढून जायचे.

हॉस्पिटलच्या लोकांनी काम बंद केलं. मशीनला कुलूप. रोज साठ जण त्या मशीनखाली रेडिएशनची लाईट घ्यायला झोपतात, आणि कॅन्सरच्या आजारात मधे खाडा पडला की रोग पुन्हा डोकं वर काढतो. पाच दिवस साठ जणांचा खाडा पडला. धर्मशाळेत एकाने मला पाणी भरू दिलं नाही. म्हणाला, "तुजा भाऊ माज्या बापाला मारतोय बघ." मी हंडा रिकामा घेऊन परत आले.

तुला वाटतं लाईट म्हणजे वांगं भाजायची शेगडी. तसं नाही रे. माझी गाठ छातीच्या डाव्या बाजूला होती. ती कापून काढली, आता मागे राहिलेलं जाळायचं, आणि त्याच्या अगदी पाठीमागे काळीज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोगाला मारणं मशीनला जमतं, जया. आमची निम्मी मेहनत जे चांगलं आहे ते वाचवण्यात जाते." छातीभर श्वास घेऊन रोखून धरला की छाती फुगते, काळीज मागे सरकतं आणि लाईट त्याला न शिवता निघून जाते. पोटावर एक डबी ठेवतात. समोरच्या पडद्यावर माझा श्वास रेघ होऊन वरखाली होतो. रेघ हिरव्या पट्ट्यात टिकली तर लाईट चालू, घसरली की आपोआप बंद. वीस सेकंद धरायचा, मग सोडायचा, मग पुन्हा. हे मला हर्षलने शिकवलं. बाहेरून माईकवर म्हणायचा, "ताई, विहिरीत बुडी मारायची. मारा आता." तू हल्ला केलास त्या आठवड्यात माझा श्वास टिकत नव्हता, सर्दी झाली होती. बाहेर रांग ओरडत असायची आणि तो माझ्यासाठी चाळीस चाळीस मिनिटं थांबायचा. घाई करा म्हणून एकदाही बोलला नाही. त्याला तू मारलंस.

सोमवारपासून मशीन सुरू झालं. आज माझं तेरावं रेडिएशन झालं, अशी पंचवीस घ्यायची आहेत. नवीन मुलगा आहे. माझं नाव वाचलं की दाराकडे बघतो.

त्या कागदाचं मला आत्ता विचारू नकोस. भाजलं ते भाजलं.

जया


जेल, नगर
१९ नोव्हेंबर २०२५

जये,

बहीण भावाला शिव्या घालते आणि मशीनवाल्याचे गोडवे गाते, हे कलियुग झालं. तुझं पत्र मी बराकीत कोणाला दाखवलं नाही. तरी बातमी असतेच. एक जण म्हणाला, "ह्यो बघा, आजाऱ्याच्या दवाखान्यात पैलवानकी करनारा." मी त्याचं डोकं नळावर आपटलं. दोन दात पडले त्याचे. मग मला बाहेर काढून तळपायांवर काठ्या घातल्या, आठ दिवस टाचा टेकवता येणार नाहीत. हे सगळं मी कोणासाठी सोसतोय?

रविवारी रामहरी पाव्हणे भेटून गेले. चिवडा आणला होता, शिपायाने निम्मा खाल्ला. माणूस नाही, देव आहे. बायकोचं एवढं मोठं दुखणं, तरी तोंडातून वावगा शब्द नाही. म्हणाले, "तुमी कायबी काळजी करू नका. कागद मी टाईप करून आनतो, जयाची सही घेतो." शनिवारी ते तुझ्याकडे येतील. त्यांचा शब्द मोडू नकोस. कोरडवाहू खर्डा गावची पोर मी श्रीरामपूरच्या पाटाच्या पाण्यावर नेऊन दिली, गावात आजही लोक नाव काढतात.

तुझ्या पुष्पावहिनीने मात्र एकदाही तोंड दाखवलं नाही. निरोप धाडला तर उलट निरोप आला, "त्यास्नी म्हनावं, आत हाय तवर निवांत हाय." माझं काय निवांत आहे इथे? बायकांना कळतच नाही आत माणसाचं काय होतं ते.

सही कर. डिसेंबरात जामिनाची तारीख आहे. कागद नसला तर वर्षभर सडेन, असं वैजनाथरावांनी स्पष्ट सांगितलंय.

कल्याण


धर्मशाळा, नगर
२८ नोव्हेंबर २०२५

दादा,

डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाही, म्हणून केशरबाईंनी धरला आहे. त्या भंडारदऱ्याकडच्या, शेजारच्या कॉटवर असतात. त्यांच्या गळ्याला लाईट चालू आहे, आवाज गेलाय. त्यामुळे माझी गुपितं त्यांच्याजवळ सुखरूप असतात.

शनिवारी तुझा देव आला. कागद टाईप करून आणला होता, पेनही नवं. मी वाचलं आणि म्हटलं, "ज्यानं भाजलंच न्हाई, त्याचं नाव कसं लिहू?" तो हसला. दार लोटलं. माझा डावा हात पिरगाळून पाठीवर नेला. ऑपरेशन झालेला हात तो, डॉक्टर त्यात बांगडीसुद्धा घालू देत नाहीत. आणि गुडघा बरगडीत घातला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "नको करू सही, भाऊ जेलात सडू दे, मंग कोन येतंय तुज्याकडं त्येच बगतो," असं म्हणत डोकं लोखंडी कॉटच्या कडेवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा केसांना धरायला गेला तर केस मुठीत येईनात. केमोनंतर बोटाच्या पेराएवढेच उगवलेत.

तेवढ्यात केशरबाई आत आल्या. ओरडायला आवाज नाही. हातात डाळीचा कुकर होता, तो झाकणासकट त्यांनी त्याच्या कानशिलावर हाणला. डाळ माझ्या अंगावर, रक्त भिंतीवर. मग बाकीच्या बाया आल्या. नऊ जणी, निम्म्यांच्या डोक्यावर केस नाही, एकीला पिशवीतून लघवी. त्यांनी त्याला चपलांनी, लाटण्यांनी बडवत जिन्यापर्यंत नेला आणि ढकलून दिला. खाली पडल्यावरही सोडला नाही. मी वरून बघत होते. मी "पुरे" म्हटलं नाही. मला बरं वाटत होतं.

आता खरं सांगते. लाईटने मला भाजलेलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी श्रीरामपूरला घरी गेले होते. छातीवर मशीनसाठी शाईच्या रेघा काढलेल्या असतात, त्या पुसायच्या नाहीत, म्हणून मी अंग चोळून आंघोळ करत नाही. रामहरी म्हणाला, "एक तर अर्धी बाई, त्यात वास मारती." माझी जीभ तुला माहीत आहे. मी म्हटलं, "अर्धी असले तरी तुमच्यापेक्षा मानूस म्हनून पुरी हाय." त्याने पट्टा काढला. पट्टा सुटून पडल्यावर बुटाने. मोबाईल भिंतीवर फोडला, बादली-बिदली काही नाही. सर्दी तर मुळीच नव्हती. बरगडी चिरली होती, म्हणून श्वास टिकत नव्हता आणि पडद्यावरची रेघ खाली घसरत होती.

हर्षलने ते पहिल्याच दिवशी ओळखलं. आत येऊन हळूच म्हणाला, "ताई, हे मशीनचं नाही." मी हात जोडले. तो म्हणाला, "असं चालू ठेवलं तर तुमचं हृदय वाचवायचं म्हणून केलेलं सगळं वाया जाईल. शुक्रवारपर्यंत तुम्ही बाईंना सांगा. नाही सांगितलं तर मी सांगणार." शुक्रवारी तू आलास.

तुला खोटं सांगितलं कारण मला तुझा हात माहीत आहे. खरं कळलं असतं तर तू रामहरीला जिवंत ठेवला नसतास. त्याचं मला काही नव्हतं. पण भाऊ जन्मभर आत गेला असता. वाटलं, मशीन काही माणूस नाही, मशीनवर ढकलावं. मशीनच्या मागे माणूस असतो हे सुचलंच नाही. माझ्या एका वाक्याने त्या पोराचा डोळा गेला. जेवताना घास हातात राहतो, दादा.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. दोन बरगड्या मोडल्यात. एकोणीस झाल्यावर लाईट थांबवली आहे. त्या माझ्यावर ओरडल्या आणि मग रडल्या.

मी पोलिसांत जाणार आहे. तू दोन गोष्टी कर. सुटल्यावर रामहरीला हात लावणार नाहीस असं मला लिहून पाठव. आणि कोर्टात उभा राहून सांग की त्या पोराची काही चूक नव्हती, मला चुकीचं कळलं होतं. हे पत्र साहेब आधी वाचतील. वाचू देत.

जया


जेल
७ डिसेंबर २०२५

जये,

हे पत्र पेटीत टाकलेलं नाही. आमच्या बराकीतला एक जण आज सुटतोय, त्याच्या हाती देतो. साहेबांनी वाचायचं हे नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू लिहितेस, मला चुकीचं कळलं होतं असं कोर्टात सांग. मला चुकीचं कळलं नव्हतं.

तुझ्या पाठीवर चौकोनी छाप होता, मधे उभी दांडी. लाईटला बक्कल नसतं, एवढं मला कळतं. हा छाप मी घरात पाहिलेला आहे. पुष्पाच्या पाठीवर, माझ्या पट्ट्याचा. ती शेजारणींना सांगते, गोठ्यात पाय घसरला. मी तिथेच उभा असतो आणि म्हणतो, व्हय, गोठ्यात लई शेवाळ झालंय. तू खाली बघून "लाईटनं भाजलं" म्हणालीस ना, तेव्हा तू अगदी तिच्यासारखी बोललीस.

रामहरीकडे गेलो असतो तर त्याच संध्याकाळी तुला खर्ड्याला घेऊन जावं लागलं असतं. आजारी, नवऱ्याने टाकलेली. टोळी निघायला उभी होती. पंधरा वर्षं मी मिरवलो, बहीण बागायतात दिली म्हणून. आणि त्याला विचारायचं कोणत्या तोंडाने? तो म्हणाला असता, "पाव्हनं, तुमी काय येगळं करता?"

तो पोरगा बाहेर आला, हात वर करून म्हणाला, "दादा, थांबा, हे मशीननं झालेलं नाही." बाहेर बाकांवर तीस माणसं बसलेली. त्याने पुढचं वाक्य बोललं असतं तर तीस जणांसमोर मला कळलं असतं, मग माहीत नसल्यासारखं मला घरी जाऊन बसता आलं नसतं. म्हणून पहिला दणका तोंडावर घातला. रागात नाही, जये. त्याचं तोंड बंद करायला. राग मी दुसऱ्या दणक्याला आणला. रामहरीला मारायचं होतं ते सगळं त्याच्यावर काढलं. थोडं स्वतःला मारायचं होतं तेही.

हे कोणाला सांगू शकत नाही म्हणून तुला सांगितलं. आता तू मोठ्या मनाची हो. कागदावर सही कर. तारीख अठराला आहे. रामहरीचं मी बाहेर आल्यावर बघतो, तुझ्या गळ्याची शपथ. पण आधी मला बाहेर काढ. इथे फार वाईट मारतात.

दादा


खर्डा
२३ डिसेंबर २०२५

दादा,

पंचवीस पूर्ण झाली. उरलेली सहा तीन तारखेपासून घेतली. मोडक्या बरगड्यांनी वीस सेकंद जमेना, म्हणून बाईंनी बारा-बारा सेकंदांचे तुकडे पाडले आणि मशीनवर नव्याने बेत बसवला. काळजाच्या टोकाला थोडी लाईट लागली असेल असं त्या म्हणाल्या. काय झालं ते दहा-पंधरा वर्षांनी कळेल. तोवर जगले तर कळेल, असं मी म्हटलं, तर मला रागावल्या.

रामहरीवर गुन्हा दाखल झाला. कानाला सात टाके घालून तो ठाण्यात सांगत होता, मला बायकांनी मारलं. लिहून घेणाऱ्याने दोनदा विचारलं, "किती बायकांनी?"

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. ते घेऊन हर्षलच्या घरी गेले. त्याच्या आईने मला उंबऱ्याबाहेर उभं केलं, बरोबर केलं तिने. हर्षलने कागद तोंडाजवळ धरून एका डोळ्याने वाचला. तारा काढल्यात, पण तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, पंचवीस झाली का?" मी तिथे उंबऱ्यावर बसून रडले. तुझ्यासाठी इतक्यात रडलेले नाही.

तिथून पत्र घेऊन पोलिसांकडे गेले. माझा जबाब झाला. मी खोटं बोलले तेही लिहून दिलं. अठराला तुझा जामीन का झाला नाही ते वैजनाथरावांनी तुला सांगितलं असेल. सरकारी वकिलांनी मला साक्षीदार केलं आहे. तारखेला मी येईन, पिंजऱ्यासमोर उभी राहीन आणि तू त्या पोराच्या तोंडावर पहिला दणका का घातलास ते तुझ्याच शब्दांत वाचून दाखवीन. तू माझा भाऊ आहेस. माझा जीव तुटतो. तरी वाचीन.

तू म्हणशील, ही खर्ड्यात काय करते? घराच्या उताऱ्यावर आईच्या मागे तुझ्याबरोबर माझंही नाव लागलंय. दर दिवाळीला म्हणायचास, "जये, हक्कसोडीवर सही करून टाक," आणि दर दिवाळीला टोळीच्या घाईत विसरायचास. बरं झालं विसरलास.

पुष्पावहिनी दुपारीसुद्धा गाढ झोपते. परवा तिने मला पाठ दाखवली. मी मोजायला लागले, मग सोडून दिलं. उद्या आम्ही दोघी जामखेडला ठाण्यात जातोय. तक्रार तिची आहे, मी फक्त सोबतीला.

पुढेमागे जामिनावर सुटलास तर इकडे येऊ नकोस. दाराचं कुलूप बदललं आहे. किल्ली वहिनीकडे असते.

जया